कानाची वात

माझ्या पोरीच्या उजव्या कानाला मेल्या उंदरासारखा वास यायचा. आई असून मी तोंड फिरवून तिची वेणी घालायचे. सकाळी उशीला पिवळा चिकट डाग, त्यावर माश्या. शिसारी नुसती.

शाळेत बाईंनी तिला मागे दाराजवळ बसवलं, बाकीच्या मुलांना वास येतो म्हणून. आधीच ऐकू कमी, त्यात अजून लांब! वर नाकाला पदर लावून मलाच ऐकवलं, "लक्षच नसतं हो हिचं." कानापेक्षा त्या पदराची किळस आली मला. पण "हो बाई" म्हणून परत आले. माझी शाळा सातवीत सुटलेली, बाईंना उलट बोलणार कुठून?

मग आमच्या घाटकोपरच्या डोंगरावर एका आरोग्य संस्थेची ताई आली. घरोघरी पोरांचे कान बघत फिरायची. तिने नाक धरलं नाही. पोरीला मांडीवर घेतलं, बॅटरी मारली आणि म्हणाली, "पडद्याला भोक आहे. आत्ता सांभाळलं तर कान वाचेल. नाही तर ऐकणं जाईल, मागोमाग शाळा."

झोपच उडाली माझी. त्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले. घरचं काम ताईने शिकवलं. "देवाच्या दिव्याला वात वळता ना, तशी स्वच्छ सुती कापडाची वळायची. कानात धरायची, ओल टिपायची, फेकायची. कोरडी निघेपर्यंत नवीन घ्यायची, मग औषध. तेल नाही, पाणी नाही."

उमासे गिळत केलं सगळं. कान सुकला.

एका संध्याकाळी मुलुंडच्या टॉवरचे जिने पुसून घरी आले, तर शेजारच्या दारातच लसणाचा वास. तिथे काकी राहते, मालवणकडची. नवरा पनवेलला साइटवर असतो, म्हणून पोर तिच्याकडेच ठेवायचे मी. पोरीच्या मानेवरून तेल ओघळत होतं.

"काकी, काय केलंत हे?"

"चेडू कान खाजवी होता, म्हणान दोन थेंब सोडलंय. आमी ह्याच्यारच मोठे झालो."

"डॉक्टर नको म्हणालेत ना!"

"तुझो डाक्टर लय शाणो! माझ्या झिलाच्या कानात काय कमी ओतलंय? विचार त्येका."

झील, म्हणजे तिचा मुलगा, आत टीव्ही बघत होता. त्याच्या टीव्हीचा आवाज खाली रिक्षा स्टँडपर्यंत जातो.

"दादा, तुमच्या कानात पण घालायच्या का तेल?"

"आं?" तो म्हणाला.

काकीला त्यात काही वावगं दिसलं नाही. ओरडावं असं फार वाटलं, पण ती फिरली तर पोर ठेवू कुठे? माझी माणसं सगळी तिकडे परळीच्या पुढे. मुकाट्याने तेल पुसलं. दोन-चार दिवसांत कान परत वाहायला लागला, आधीपेक्षा घाण.

ताई आली तेव्हा तिला तेलाचं सांगितलं; वाटलं, आता काकीची चांगली खरडपट्टी काढेल. ताई तिच्याच उंबऱ्यावर जाऊन बसली. "काकी, तुमच्या वातींचं नाव आहे चाळीत. हिला जमतच नाहीत बघा."

"हिच्या वाती? दोरखंड ते!" काकी खूश. पदर खोचून कापड फाडायला बसली. कान कसा टिपायचा ते ताईने तिला माझ्यादेखत शिकवलं. तेलाचं नाव निघालं तसं काकीच म्हणाली, "छे गो, आता खयचा तेल!"

अंगाचा तिळपापड झाला माझा. नासवलं हिने, आणि कौतुकही हिचंच.

पण कान सुकला, सुकलेला राहिला. पडदा भरत आलाय, म्हणतात डॉक्टर. ताई शाळेत जाऊन बोलली, पोर पुढच्या बाकावर आली. ताईचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. बाईंच्या पदराची किळस मात्र जात नाही, आणि घरात लसूण मी अजून ठेचत नाही.

अजून मी पोरीच्या मागे उभी राहून हळूच हाक मारते.

"आलं ऐकू," ती वळतसुद्धा नाही. "किती वेळा गं, आई!"