एडिटर बंद होत नाही म्हणून

माझे बाबा आदिलाबाद जिल्ह्यात मराठी शाळेत मास्तर होते. आधी बाजारहत्नूरकडे, मग जैनथला. निवृत्तीनंतर आम्ही जैनथलाच राहिलो. मी हैदराबादच्या एका कंपनीचे सर्व्हर घरून सांभाळते. म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडून त्यात आज्ञा टाइप करते. माउसला हात लावायची वेळ क्वचितच येते.

बाबांना आपल्या शाळांच्या आठवणी लिहायच्या होत्या. अडचण डोळ्यांची होती. आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे तेवढी नजर जपा, गेलेली परत येणार नाही. कागदावरची ओळ त्यांना सापडत नसे, आणि पांढऱ्या स्क्रीनकडे पाहिलं की डोळ्यांतून पाणी यायचं. मी म्हटलं, "तुमी सांगा, मी लिवते."

"माया आठवनी तू काऊन लिवशीन?" ते म्हणाले. "मी माया हातानं लिवीन. नाई तं राहू दे."

म्हणून त्यांना माझाच एडिटर, म्हणजे लिहायचा प्रोग्राम, दिला. काळी पाटी आणि तिच्यावर बोटाएवढी पांढरी अक्षरं. सगळं काम कीबोर्डवरून. आय दाबलं की लिहिता येतं, एस्केप दाबलं की लिहिणं थांबतं, मग कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर केलं की लिहिलेलं साठवून एडिटर बंद होतो. गोम एकच. लिहायचं मराठीत, पण आज्ञा कळतात इंग्रजीत. त्यामुळे दर वेळी कॅप्स लॉक दाबून कीबोर्डची भाषा बदलावी लागते.

बाबांनी ते मनावर घेतलं. मराठी कीबोर्डात काना-मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, हे कळल्यावर तर खूश झाले. "हे कोन्या मास्तरानंच बसवलं असन," म्हणाले. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात. त्यांवर बोटं टेकवून ते दुपारभर गिरवत बसायचे. मी स्वतः नोकरीसाठीसुद्धा इतकी चिकाटी दाखवली नव्हती.

सगळं जमलं, बंद करणं सोडून. रोज संध्याकाळी, नेमकी माझी मीटिंग रंगात आली की आतल्या खोलीतून हाक यायची, "पोरी, हे बंद नाई होऊन राह्यलं!"

हा एडिटर बंद करताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. आमच्या ऑफिसात त्यावरून थट्टा चालते. त्यामुळे नवल वाटलं नाही, राग मात्र यायचा. चार-पाच बटणं, बाबा! आणि हा माणूस पोरांकडून तीसपर्यंत पाढे घोकून घ्यायचा. मी तणतणत जायचे. ते म्हणायचे, "आलीच हायेस तं वाच बरं, आज काय लिवलं." मी भराभर वाचायचे, ते मान हलवत ऐकायचे, एखादा शब्द बदलायला सांगायचे. मग मी एडिटर बंद करून परत मीटिंगला.

दिवाळीनंतर शेतातला कापूस घरात येऊन पडला होता तेव्हाची गोष्ट. हाक आली, गेले. स्क्रीनवर पानभर इंग्रजी अक्षरं होती, कशाला काही अर्थ नाही. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, तोंड स्क्रीनकडे, चेहरा समाधानी.

"वाच," ते म्हणाले. "आज चांगलं जमलं."

आधी वाटलं, माझी फिरकी घेताहेत. पण बाबा लिहिण्याच्या बाबतीत फिरकी घेणाऱ्यातले नाहीत. मग लक्षात आलं. एवढ्या मोठ्या अक्षरांचं अख्खं पान चुकलं होतं आणि त्यांना ते दिसलं नव्हतं.

"बाबा, तुमाले हे दिसत नाई?"

त्यांनी कीबोर्डवरची बोटं उचलून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "दिवाळीपासून नुसतं धुकं दिसते."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं तू म्हनली असतीस, आना, आता मीच लिवते."

म्हणजे बंद करणं त्यांना केव्हाच जमलं होतं. हाक मारायची ती लिहिलेलं वाचून घ्यायला. मला रडू आलं. ते लपवायची गरज नाही, त्यांना दिसणार नाही, असं मनात आलं आणि आणखीच रडू आलं.

डोळे पुसून पहिली ओळ पाहिली. मोठा एम, ई, मोठा एन, ई. मराठी कीबोर्डावर याच बटणांनी 'शाळा' हा शब्द होतो. म्हणजे लिहायला सुरुवात करताना ते भाषा बदलायला विसरले, एवढंच. बोटं पडायची तिथेच पडली होती. प्रत्येक इंग्रजी अक्षराच्या जागी त्याच बटणावरचं मराठी अक्षर घालायची आज्ञा मी लिहिली आणि एंटर दाबलं. पान मराठीत आलं.

"शाळा एका खोलीची होती," मी वाचायला लागले. "चार वर्ग चार भिंतींकडे तोंड करून बसायचे."

शेवटपर्यंत वाचलं.

"चुका?" त्यांनी विचारलं.

"एक बी नाई."

"मंग रडून काऊन राह्यली?"

दुसऱ्या दिवशी मी कॅप्स लॉकला आवाज जोडला. मराठी झालं की एकदा टिंग, इंग्रजी झालं की दोनदा. माझं टेबल आतल्या खोलीत हलवलं आणि त्यांची स्क्रीन माझ्याकडे वळवली. कीबोर्ड त्यांच्यापुढेच राहिला. संध्याकाळी लिहून झालं की ते आपलं आपण साठवतात. एडिटर बंद होत नाही, असं आता सांगत नाहीत. माझी मीटिंग चालू असली तरी थांबत नाहीत. नुसतं म्हणतात, "वाच."