घसा बसल्याचं सोंग

माझा आवाज मोठा आहे. लहानपणापासून मला "हळू बोल" असं इतक्या जणांनी सांगितलं की शेवटी मी ते ऐकणंच सोडून दिलं. हा आवाज बाबांचा. बाबा एसटीत कंडक्टर होते, पण राळेगावात त्यांची खरी ओळख चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीतला माईकवाला अशी होती. मिरवणूक चौकात आली की ते ट्रॉलीवर उभे राहायचे आणि म्हणायचे, "भावांनो, बायांनो, जरा इकडे ध्यान द्या." ढोलवालेसुद्धा हात थांबवायचे. बाबा गेले त्या वर्षी वस्तीनं माईक माझ्या हातात दिला, आणि मी बाबांच्याच शब्दांनी सुरुवात केली. ढोल तेव्हाही थांबले.

त्या मिरवणुकीच्या वेळी चौकात आमच्या गावातल्या बियाण्याच्या दुकानाचे मालक उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. दुकानाची जीप होती, टपावर भोंगा होता, आत बसून बोलणारं कुणीतरी हवं होतं. मी तेव्हा फारकत घेऊन आईकडे राहत होते, घरी ब्लाऊज शिवत होते, आणि गावात माझ्याबद्दल बोलण्यासारखं लोकांकडे भरपूर होतं. म्हटलं, आता मी बोलते, तुम्ही ऐका.

पहिलं वर्ष मजेत गेलं, हे मी लपवणार नाही. उन्हाळा उतरायला लागला की आम्ही निघायचो, ते पुढे थंडीत हरभऱ्याच्या आणि भाजीपाल्याच्या बियाण्यासाठीही फिरतच असायचो. ड्रायव्हर, मी आणि मागे बियाण्याच्या पिशव्या. गावाच्या पाराजवळ जीप उभी केली की मी माईक घ्यायची आणि बाबांच्या थाटात सुरू व्हायची, "भावांनो, बायांनो, जरा इकडे ध्यान द्या." पुढे बियाण्याचं नाव. ते नाव सकाळी मालक सांगतील ते. मागच्या आठवड्यात जे सगळ्यांत चांगलं बियाणं होतं त्याच्या पिशव्या संपल्या की या आठवड्यात दुसरं सगळ्यांत चांगलं व्हायचं. मालकांनी यवतमाळला नेऊन माझ्या आवाजाची एक कॅसेटही करून घेतली. ती चालत्या गाडीत वाजायची. थांबलं की मी स्वतः बोलायची. लोक गाडीभोवती जमायचे आणि शेवटी मलाच विचारायचे, "बाई, तुम्ही सांगा, कोणतं घेऊ?"

आमच्या घराण्यात कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. माझी आणि पऱ्हाटीची ओळख दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचण्यापुरती. तरी मी कधी अडले नाही. विचारणाऱ्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझं उत्तर तयार असायचं.

मग ते वाईट वर्ष आलं. पाऊस आला, दडी मारून बसला. बऱ्याच शेतांत बी उगवलंच नाही, आणि जिथं उगवलं तिथं पुढे बोंडं अळीनं खाल्ली. दोष बियाण्याचा होता, पावसाचा होता की नशिबाचा, यावर पानटपरीवर रोज सभा भरायची. पेपर उघडला की आमच्या जिल्ह्याचं नाव दिसायचं, आणि त्याखाली काय लिहिलेलं असणार हे वाचायच्या आधीच कळायचं. मी पेपर घ्यायचं बंद केलं.

थंडीच्या दिवसांत एकदा मी राळेगावच्या स्टँडवर यवतमाळची गाडी कधी लागणार म्हणून विचारत होते. बाकावर बसलेली एक बाई मान न वळवता म्हणाली, "हा तं बियाचा आवाज हाये." मग तिनं वळून पाहिलं आणि सरकून मला जागा दिली. "आमच्या घरचे म्हने दुसरं घेऊ. म्याच म्हनलं, ते बाई सांगून राह्यली तेच घ्या. तिले कायले खोटं बोलाचं हाये?"

मी विचारलं, "मंग?"

"मंग काय, अर्धं वावर कोरडंच राह्यलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं पदराची गाठ सोडली आणि ओंजळभर फुटाणे माझ्या हातावर ठेवले. मी ते खाल्ले. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी दुप्पट देऊन मोकळी झाले असते, माझं तोंड तसं प्रसिद्ध आहे. फुटाण्यांना काय उत्तर द्यायचं ते मला आजही सुचत नाही.

त्यानंतर माझं बिनसायला लागलं. जीपचं दार उघडलं की छातीत धडधड सुरू व्हायची. हाताला इतका घाम यायचा की माईक निसटायचा. "भावांनो" एवढं म्हटलं की घसा आतून कुणी मुठीत धरल्यासारखा बंद. झोप गेली. वेणी घालता घालता रडू यायचं, आणि का म्हणून कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. घरी मी बोलेनाशी झाले. ते आईच्या सगळ्यात आधी लक्षात आलं, कारण मी तिच्याशी भांडायचं थांबवलं होतं. "दोन दिसांपासून भाजीले नाव नाही ठेवलं तू," ती म्हणाली, "तुले दवाखान्यात दाखवाच लागते."

इथल्या डॉक्टरनं घसा पाहिला आणि काही नाही म्हणून यवतमाळला मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "घसा कधी बंद होतो?"

"गाडीत बसली का."

"मग गाडीतून उतरा," ते म्हणाले. "गोळ्या देतो, झोप येईल. पण गोळ्यांनी गाडी थांबणार नाही. कसं उतरायचं ते तुम्ही घरी बसून ठरवा. फक्त उतरताना पाय मोडून घेऊ नका."

काम सोडायचं हे ठरवायला मला येतानाचा एसटीचा प्रवास पुरला. कसं सोडायचं हे मात्र अडून बसलं. मालक काही राक्षस नव्हते. आईचा पाय मोडला तेव्हा हीच जीप काढून त्यांनी तिला यवतमाळला नेलं होतं आणि प्लास्टर होईपर्यंत बाहेर बसून राहिले होते. गावात त्यांचा शब्द चालायचा. त्यांच्याशी वाकडं घेऊन मला दुसरीकडे काम मिळणं कठीण होतं. आणि खरं कारण सांगायचं म्हणजे मनाचा डॉक्टर आला. आमच्याकडे त्याला वेड्याचा डॉक्टर म्हणतात. फारकतीनंतर लोकांना चघळायला आणखी एक विषय देण्याची मला हौस नव्हती.

तोड आईनं काढली. "घसा बसला म्हण. आवाजच नाही तं तो तरी काय करन? तुह्यावर कोणाचा राग नाही, कोणावर तुहा नाही."

मला ते फार पटलं. यात कुणी दुखावत नव्हतं आणि काही समजावून सांगावं लागत नव्हतं. मी दुकानात जाऊन गळ्याला हात लावला आणि मान हलवली. मालकांना खरंच वाईट वाटलं. संध्याकाळी त्यांनी मधाची बाटली पाठवली आणि निरोप दिला की आराम कर, तोवर कॅसेटवर भागवतो.

आता मुकं राहणं आलं. माझ्यासारखीला! बाजारात मी बोटांनी भाव करायला गेले आणि घरी किडकी वांगी घेऊन आले. शेजारणीनं आमच्या दारात कचरा लोटला तर मी नुसते डोळे वटारले, आणि ती हसून आत निघून गेली. लोक माझ्याशी मोठ्यानं आणि तुटक बोलायला लागले, जणू घसा बसला म्हणजे कानही गेले. जो तो काढे सांगून जायचा. आई दारामागे पदर तोंडाला लावून हसायची. पण धडधड कमी झाली नव्हती. गल्लीच्या टोकाला कॅसेट वाजली की मी घरात बसल्या जागी घामानं भिजायची. गाडीतून मी उतरले होते, आवाज मात्र आतच राहिला होता.

आणि मग जयंती आली. विहारासमोर मंडप पडला, निळे झेंडे लागले, वस्तीतल्या पोरी नव्या साड्यांत स्टेजवर चढल्या. ज्या गाण्याची तालीम सोंग घेण्याआधी मी दरवर्षीसारखी अंगणात घेतली होती ते गाणं त्यांनी धरलं, आणि दुसऱ्या कडव्याला त्यांचा सूर खाली यायला लागला. तिथं दरवर्षी मी उचलून धरायची. एका पोरीनं सवयीनं माईक माझ्यापुढे केला. अख्खा मंडप माझ्याकडे पाहत होता. दुसऱ्या रांगेत मालक बसले होते. मी गळ्याला हात लावला आणि मान हलवली.

पोरींनी गाणं कसंबसं तडीला नेलं. मी मंडपाच्या मागे जाऊन उभी राहिले. राग आला होता, स्वतःवरच. भोंग्यावरून मी ज्या आवाजात नको ते बोलले, तो वाचवायला म्हणून मी हे सोंग घेतलं, आणि सोंगानं तर तो पुरताच नेला. हे असंच चालू ठेवलं तर पुढच्या जयंतीला मुकी, त्याच्या पुढच्या जयंतीलाही मुकी. कुणाच्या लग्नात गाता येणार नाही, शेजारणीला झापता येणार नाही. एका माणसाला खरं सांगायचं टाळण्यासाठी मी जन्मभर घशाला हात लावून फिरणार होते की काय? मी मनाशी म्हटलं, बस झालं. मला फार हलकं वाटलं. त्या रात्री मी गोळी न घेता झोपले.

सकाळी दुकानात गेले तेव्हा बाकड्यावर चार-सहा शेतकरी पिशव्यांवरची चित्रं बघत बसले होते. मी काउंटरपाशी उभी राहिले.

"भाऊ, माह्या घशाले काही झालं नोतं."

मालकांचा चेहरा उजळला. "अरे वा! आवाज तं खणखणीत झाला! परवापासून गाडी काढू."

"नाही. मी काम सोडून राह्यली."

"काहून? पगार वाढवून देतो ना."

"पगाराचं नाही. गाडीत बसली का मले बिमारी होते. यवतमाळच्या डॉक्टरचं औषध चालू हाये. मनाच्या डॉक्टरचं."

बाकड्यावरच्यांनी पिशव्यांवरून माना वर केल्या. मालक पुढे वाकले. "हळू बोल ना, बाई. लोकं आयकून राह्यले."

"आयकू द्या," मी म्हणाले.

त्यांनी काउंटरवरची वही मिटली. मग म्हणाले, "तुह्या आईले म्याच नेलतं दवाखान्यात." हे ते टोमणा म्हणून बोलले नाहीत, त्यांना खरंच लागलं होतं.

"नेलतं. जलमभर नाही विसरनार. म्हनून तं तुमच्या तोंडावर सांगून जाऊन राह्यली. अन् ते कॅसेट द्या मले."

"कॅसेट दुकानाची हाये," ते म्हणाले, आणि तेही खरं होतं.

"मंग वाजवा. पण मले कोणी विचारलं तं मी सांगन, आवाज माहा होता, आता मी त्या गाडीत नाही."

मी वळले. बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं होतं, तरी त्यानं मला थांबवून विचारलंच. "मंग बाई, औंदा कोणतं बी घेऊ?"

मी दारात थबकले. त्याच्या चेहऱ्यावर तोच विश्वास होता, फुटाण्यांवाल्या बाईचा. जीभ जुन्या सवयीनं एक नाव घ्यायला निघालीसुद्धा होती.

"मले माहीत नाही, भाऊ," मी म्हणाले.

इतक्या गावांत, इतक्या पारांवर हे एवढं वाक्य मी एकदाही बोलले नव्हते. ते माझ्या पूर्ण आवाजात आलं आणि घसा कुठेही अडला नाही. म्हातारा हसला. "मलेबी नाही माहीत," तो म्हणाला आणि पुन्हा चित्रं बघू लागला.

गावानं काही दिवस मला वेडी म्हणून घेतलं आणि मग कंटाळलं. मी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात लागले. पगार कमी, पण तिथं कुणाला काही पटवून द्यावं लागत नव्हतं. गोळ्या आणखी काही महिने घेतल्या, मग डॉक्टरांनीच बंद केल्या. संध्याकाळी अंगणात पोरींची तालीम पुन्हा सुरू झाली.

पेरणीच्या तोंडावर एकदा तालमीच्या मध्येच ती जीप गल्लीत शिरली. "भावांनो, बायांनो, जरा इकडे ध्यान द्या." पोरी गायच्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहायला लागल्या. माझा हात घशाकडे गेला. मग हात खाली घेतला आणि म्हटलं, "मी इथं हावो. धरा दुसरं कडवं." आणि मीच उचललं, जसं दरवर्षी उचलते तसं, पूर्ण गळ्यानं. पोरी मागून आल्या.

तेवढ्यात आई आतून ओरडली, "अवं हळू गा ना, तो भोंगा काय म्हणते ते आयकू नाही येऊन राह्यलं!"