स्कोअररने बोलायचं नसतं

"जे झालं तेवढंच लिही. व्हायला हवं होतं ते घरी जाऊन लिही."

असं म्हणून सर पेन्सिलीची मागची बाजू टेबलावर दोनदा आपटायचे आणि पुन्हा मैदानाकडे बघायला लागायचे. टेबल म्हणजे कँटीनने टाकून दिलेलं, एका पायाने आखूड. कागद उडू नयेत म्हणून त्याच्यावर चार दगड ठेवलेले असायचे. टेबलामागे दोन खुर्च्या, त्यातली डावीकडची सरांची. उजवीकडच्या खुर्चीवर मी दोन वर्षं बसलो.

जर्मनीत बेसबॉल म्हटल्यावर तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. आमच्या विद्यापीठाच्या गावात पूर्वी अमेरिकन सैनिकांची छावणी होती. सैनिक परत गेले तेव्हा मागे एक मैदान राहिलं, चेंडू अडवायची उंच जाळी राहिली आणि पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, मातीचा उंचवटा राहिला. त्याच्यावर चार विद्यार्थ्यांनी खेळायला सुरुवात केली. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने सेमिस्टरच्या पुस्तिकेत त्यांना एक ओळ दिली: बेसबॉल, शनिवार, ग्लोव्ह स्वतःचा आणावा. आमच्या बेसबॉलचा इतिहास असा एका ओळीत सुरू झाला.

सर तेव्हापासूनचे. मूळचे नागपूरचे, डॉक्टरेटसाठी आले आणि मोजमापाच्या उपकरणांच्या इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला लागून इथेच राहिले. आम्ही एक-दोन मराठी मुलं त्यांना सर म्हणायचो, जर्मन मुलं 'हेर डॉक्टर' म्हणायची. बॅट त्यांनी आयुष्यात हातात धरली नव्हती. मग तुम्ही इथे आलात कसे, असं मी एकदा विचारलं.

"फिरायला निघालो होतो. बघितलं, तर खेळत होते सगळे, लिहीत कोणीच नव्हतं. मग बसलो नं."

बसले ते दहा-बारा वर्षं बसले. फेडरेशनची स्कोअररची परीक्षा दिली, परवाना घेतला. प्रत्येक सामन्याचा कागद भोकं पाडून जाड ऑर्डनर फाइलमध्ये लावला. असे ऑर्डनर त्यांच्या घरी कपाटभर होते. त्यामुळे सरांसमोर जुन्या बढाया मारायची सोय नव्हती. एकदा एक जुना खेळाडू सुटाबुटात मैदानावर आला आणि आपण एका सामन्यात तीन होमरन, म्हणजे बेसबॉलमधले षटकार, कसे मारले ते नव्या पोरांना रंगवून सांगत बसला. पुढच्या शनिवारी सरांनी तो कागद आणून त्याच्यापुढे ठेवला.

"एक होमरन. दोनदा तुम्ही एकही चेंडू न टोलवता परत आलात."

तो माणूस नंतर कधी आला नाही. सरांना त्याचं वाईट वाटलं, पण कागद आणला त्याचं नाही वाटलं.

मी टेबलावर आलो तो हकालपट्टी होऊन. पुण्यात गल्लीत क्रिकेट खेळलेला माणूस चेंडू टोलवला की बॅट घेऊन पळतो. बेसबॉलमध्ये ती टाकून पळायचं असतं. मी एका सामन्यात चार वेळा बॅट काखोटीला मारून पहिल्या बेसपर्यंत धावलो. चौथ्यांदा प्रतिस्पर्धी संघानेसुद्धा टाळ्या वाजवल्या. आमचा कर्णधार मेकॅनिकलला शिकत होता, सहा फुटांहून उंच, मोठ्या आवाजाचा आणि त्याहून मोठ्या मनाचा. मी त्याच्याच फ्लॅटमध्ये एका खोलीत राहायचो. नवीन गावात मला विचारणारं तेव्हा तेवढंच घर होतं. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकून मला टेबलाकडे नेलं.

"आल्झो, तर मग, तू यांच्याजवळ बस. चेंडू मोज."

सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पुण्याचा का?"

"हो."

"म्हणजे बोलशील जास्त. इथे बोलायचं नाही."

बोलायचं नाही म्हणजे किती नाही, ते हळूहळू कळलं. त्यांची मुलगी शाळेत होती. ती कधीमधी जाळीपाशी येऊन जर्मनमध्ये विचारायची, पापा, आपण जिंकतोय का? सर कागदावरून डोळे न काढता मराठीत सांगायचे, "मला माहीत नाही, मी लिहितोय." मुलगी जर्मनमध्येच 'हो, हो' म्हणून खांदे उडवायची आणि धावफलकाकडे जायची. मध्यंतरात ते डबा उघडायचे. लोणी लावलेल्या पावात जवसाची चटणी. अर्धा पाव मला द्यायचे आणि खाताना मात्र भरपूर बोलायचे.

अशाच एका मध्यंतरात त्यांनी मला एक नियम सांगितला. तुम्हालाही तो सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. बेसबॉलमध्ये नऊ जणांनी ठरलेल्या क्रमानेच बॅटिंगला यायचं असतं. ती यादी सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना आणि स्कोअररला मिळते. क्रम चुकवून भलताच खेळाडू आला आणि त्याने चेंडू मारला, तर समोरच्या संघाने पुढचा चेंडू पडायच्या आत तक्रार करायची. तक्रार झाली तर एक आऊट आणि त्या फटक्यावरचे रन रद्द. तक्रार झाली नाही तर सगळं माफ.

"आणि स्कोअररला दिसलं तर?" मी विचारलं.

"स्कोअररला दिसतंच. त्याच्यापुढे यादी असते. पण त्याने सांगायचं नाही. अंपायरला नाही, या संघाला नाही, त्या संघाला नाही. तसं छापलंय पुस्तकात."

"हे जरा अतिच आहे, सर."

त्यांनी पावाचा तुकडा खाली ठेवला. "चौथीत माझा पहिला नंबर आला होता. फळ्यावर दुसरा लिहिला. गुरुजींना मार्क माहीत होते. लिहिताना त्यांनी फक्त थोडी मदत केली, दुसऱ्या एका मुलाला." एवढं सांगून ते पुन्हा खायला लागले.

पुढल्या उन्हाळ्यात जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्डकप होणार होता आणि जो तो फुटबॉलने पछाडला होता. क्रीडा विभागाला आमच्या मैदानावर फुटबॉलसाठी कृत्रिम गवत टाकायचं होतं. कर्णधार भांडून भांडून एक सवलत घेऊन आला. संघ यंदा वरच्या लीगमध्ये चढला तर मैदान राहील. नाहीतर हिवाळी सेमिस्टरपासून बेसबॉल बंद. एका ओळीने सुरू झालेलं सगळं एका ओळीने पुसलं जाणार होतं. त्या मोसमात पोरं जीव तोडून खेळली. शेवटच्या सामन्यापर्यंत आम्ही आणि शेजारच्या गावचा एक क्लब बरोबरीत होतो. जो जिंकेल तो वर जाणार होता, आणि सामना आमच्या मैदानावर होता.

सप्टेंबरातली दुपार होती. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात पाहुणे बॅटिंग करत होते. आम्ही पाच, ते चार. त्यांचे दोन आऊट झाले होते, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांचे खेळाडू उभे होते. आणखी एक आऊट मिळाला की मैदान आमचं. मी हातातल्या बटणाच्या यंत्रावर एकेक चेंडू मोजत होतो.

सातव्या नंबरची पाळी होती. त्यांचा सातवा खेळाडू मघाशी पाय मुरगळून बाहेर गेला होता आणि त्याच्या जागी नवा आला होता. त्या नव्याला बहुधा कोणी सांगितलंच नाही. तो बाकावर बसून राहिला आणि आठव्या नंबरचा जाडा गडी बॅट फिरवत आला.

सरांची पेन्सिल सातव्या ओळीवर टेकलेली होती. ती उचलली गेली. क्षणभर थांबली आणि आठव्या ओळीवर जाऊन टेकली. मी यादी पाहिली, त्या गड्याच्या पाठीवरचा आकडा पाहिला.

आमचा कर्णधार कॅचर होता, बॅटवाल्यामागे चेंडू झेलणारा, जाळीच्या पलीकडे आमच्यापासून दहा पावलांवर बसलेला. पाहुण्यांच्या यादीची त्याची प्रत त्याच्या मागच्या खिशात होती. त्याने ती काढली नाही. दुसऱ्याच चेंडूला जाड्याने असा टोला मारला की चेंडू आमच्या दोन खेळाडूंच्या मधून गेला. दोन रन झाले. ते सहा, आम्ही पाच.

आता पुढचा चेंडू पडेपर्यंत वेळ होता. कोणीतरी एक वाक्य बोलायची खोटी, दोन्ही रन रद्द, तिसरा आऊट, सामना संपला आणि आम्ही जिंकलो.

"सर, आठवा होता तो," मी पुटपुटलो.

"दिसलं मला."

"सर, मैदान जाईल."

"माहीत आहे."

कर्णधाराने वेळ मागून घेतला. पिचरपाशी गेला, त्याच्या पाठीवर थाप मारली. मग वळला आणि, तुम्हाला खोटं वाटेल, थेट आमच्या टेबलाकडे आला. जाळीत बोटं अडकवून उभा राहिला. त्याचा चेहरा मातीने भरला होता.

"हेर डॉक्टर, आऊट दोनच ना? स्कोअर काय?"

"दोन आऊट. सहा-पाच."

"पुढचा कोण?"

"तो आला की दिसेलच," सर म्हणाले. कपाळावरची शीर उडत होती. कर्णधार माझ्याकडे बघून हसला, म्हणजे हसायचा प्रयत्न केला. मी हातातल्या यंत्राकडे पाहत राहिलो. तो परत गेला, मुखवटा चढवला, खाली बसला. पिचरने चेंडू फेकला.

संपलं. मी बटण दाबलं.

त्यांचा पुढचा गडी आऊट झाला. मग आमच्या डावात पोरांनी धडपड केली, पण एकही रन निघाला नाही. सामना सहा-पाच हरलो. पाहुणे एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते. आमचा पिचर गवतावर उताणा पडला होता.

सही करायला कर्णधार टेबलाशी आला. सही करता करता त्याचं बोट कागदावर थांबलं. नवव्या डावाच्या रकान्यात सातवी ओळ कोरी होती. सरांनी काहीच लपवलं नव्हतं. त्याने मागच्या खिशातली यादी काढली, दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"तुम्ही हे पाहिलंत?"

"हो."

"कधी?"

"तो बॅटिंगला आला तेव्हा."

"मी इथे उभा होतो! या जाळीला धरून! तुम्ही आमचे आहात ना?"

"मी स्कोअरर आहे," सर म्हणाले. एवढंच. समजावून सांगायला ते गेले नाहीत. पुस्तकही काढलं नाही.

मग कर्णधाराने माझ्याकडे पाहिलं. सगळा संघ आता त्याच्यामागे गोळा झाला होता. "आणि तू? तुला माहीत होतं?"

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, काय बोलणार होतो ते मला आजही ठाऊक नाही. त्याच्या आत सर बोलले.

"त्याला काही माहीत नव्हतं. तो चेंडू मोजत होता. त्याने पाहिलं नाही."

ज्या माणसाने होमरनचा आकडा दोनाने कमी करायला आठवडाभराने कागद शोधून आणला होता, त्याने माझ्यासाठी सगळ्यांसमोर खोटं सांगितलं, आणि सांगताना पापणी हलवली नाही. मी तोंड मिटलं. कर्णधाराने माझा खांदा दाबला आणि सरांना म्हणाला, "पुन्हा येऊ नका." पाठ फिरवून सगळे सामान आवरायला गेले. सर एक एक दगड उचलून खाली ठेवत होते.

टेबलावर मी गप्प बसलो ते नियमाने. नंतर गप्प बसलो ते भीतीने. घर जाईल, मित्र जातील, शनिवार जातील, ही भीती. मला त्याची लाज वाटते आणि ती कमी होत नाही.

हिवाळी सेमिस्टरच्या पुस्तिकेत बॅडमिंटननंतर थेट बास्केटबॉल आलं. मैदानावर हिरवं कृत्रिम गवत आलं. सरांना भेटायला जायचं म्हणून मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि बेल न वाजवता परतलो. तिसऱ्यांदा गेलो तर दारावर दुसरं नाव होतं. त्यांना दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली होती. पुढे निवृत्त होऊन ते सपत्नीक नागपूरला गेल्याचं कोणीतरी सांगितलं. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. कर्णधार अजून माझा जवळचा मित्र आहे. त्याची मुलं मला ओंकेल, म्हणजे काका, म्हणतात. त्याला मी आजतागायत काही सांगितलेलं नाही.

सर आठवले की मला तीच संध्याकाळ आठवते. सामान भरून आम्ही पाच जण कर्णधाराच्या गाडीतून निघालो. सर नेहमी आमच्याच गाडीने यायचे, पुढच्या सीटवर. त्या दिवशी ती सीट ग्लोव्हच्या पिशव्यांनी भरली होती. ट्रामचा थांबा मैदानापासून लांब होता. अर्ध्या रस्त्यात ते दिसले, कागदांची बॅग छातीशी धरून कडेकडेने चाललेले. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी वळून पाहिलं, आम्हाला ओळखलं आणि हात वर केला. गाडीत कोणीच हात हलवला नाही. मी खिडकीशी होतो. त्यांनी मला पाहिलं हे मला माहीत आहे, कारण ते हसले. माझे दोन्ही हात मांडीवरच राहिले आणि गाडी पुढे गेली.