मधला बंगला

ज्योत्स्ना आधी शिकवण्या घ्यायची. जागांच्या दलालीत ती उतरली ती योगेशला बुडवायला, आणि हे ती कुणापासून लपवतही नसे.

तिच्या वडिलांनी ओझरच्या कारखान्यात आयुष्य काढून पाथर्डी फाट्याजवळ एक प्लॉट घेतला होता. अठ्ठ्याण्णव साली ते गेले आणि प्लॉटवर बाभळी माजल्या. योगेशचा धंदाच तो: ओस पडलेल्या जागा हेरायच्या, मालक हुडकायचा आणि त्याला घाबरवून जागा घ्यायची. त्यानं तिच्या आईला गाठलं. "काकू, तिथं झोपड्या उभ्या राहणार. आत्ता द्या, नाहीतर हातचं जाईल." आईनं मातीमोल भावात सही केली. महिन्याभरातच कळलं, तिथून मोठा रस्ता जाणार होता आणि योगेशला ते ठाऊक होतं. आईनं स्वतःला दोष देत अंथरूण धरलं, ती उठलीच नाही.

तेव्हापासून ज्योत्स्ना त्याच्या आधी पोचू लागली. बंद घर दिसलं की समोरच्या दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला विचारायची, मालक गाठायची आणि खरा भाव सांगून यायची. योगेश हात हलवत परतायचा.

दोन हजार चारमध्ये त्यानं कॉलेज रोडला दोन बंगले घेतले. त्या दोहोंच्या मधला तिसरा कुलपात होता. तो मिळाला की मोठी इमारत. इस्त्रीवाला ज्योत्स्नाला म्हणाला, "मालक वारले. बहीण असते लासलगावला, रंगूबाई." दुसऱ्याच दिवशी ती एसटीनं तिथं गेली.

"योगेश नावाचा दलाल येईल. त्याला घर देऊ नका."

रंगूबाई कांदे निवडत होत्या. "भाव कमी देतो का?"

"भाव देईल. पण माझी आई त्याच्यापायी गेली."

सगळं ऐकून म्हातारी म्हणाली, "पोरी, तुझा राग खरा हाय. पण तुझ्या रागासाठी माझं घर किती दिस बंद ठेवू?"

ज्योत्स्ना एकदम बोलून गेली, "मीच राहते भाड्यानं."

योगेशची गाडी फाटकाशी थांबली तेव्हा ती अंगणात चादरी वाळत घालत होती.

"ताई, जुनं विसरा. म्हणाल ते देतो."

"आईला विचारून सांगते," ती म्हणाली आणि पुढची चादर झटकली. त्याचा चेहरा उतरलेला तिनं डोळे भरून पाहिला.

शेवटी त्यानं दोन्ही बाजूंना दोन अरुंद इमारती उभ्या केल्या. तिच्या घरात ऊन येईना, भिंतींना ओल धरली.

"तुलाच अंधारात बसवलं की गं त्यानं," भाडं न्यायला आलेल्या रंगूबाई हळहळल्या.

"बसवू दे," ज्योत्स्ना म्हणाली. "त्यालाही एका इमारतीतून दुसरीत जाताना रोज माझ्या दारावरूनच जावं लागतं."