सासूची चूल
आमच्या क्युबेकातल्या गावात ओझेलियाने सगळ्यांआधी विजेची शेगडी आणली आणि सासूची लोखंडी चूल अडगळ म्हणून नणंदेच्या, रोलांदच्या, गळ्यात मारली. त्या हिवाळ्यात पडता पडता गोठणारा पाऊस झाला, तारा तुटल्या आणि कित्येक दिवस वीज आलीच नाही. शेजारीपाजारी रोलांदच्या चुलीभोवती जमले. ओझेलियाही नवऱ्यासोबत तिथे हात शेकत बसायची आणि आतून जळायची.

एकदा नवरा वाटाण्याचं सूप भुरकत म्हणाला, "ताई, अगदी आईच्या हातची चव!"

"चव चुलीची आहे, आणि चूल माझी!" ओझेलिया फणकारली.

"मग ने की उचलून, वहिनी," रोलांद हसली.

तेवढ्यात दिवे लागले. सगळे टाळ्या पिटत निघाले. ओझेलियाने कोट चढवला. "चला, उठा आता!"

नवऱ्याने वाडगा पुढे केला. "ताई, अजून पळीभर वाढ."