चुलीवरचं शिसं

शोभाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होतो. पुढची चार नावं घेतली, पाचव्याला हजेरी मिटून बाहेर आलो... आज महिना झाला. वैनगंगेकाठच्या आमच्या गावात त्यांनी उभं आयुष्य अंगणवाडी चालवली. मी मात्र त्यांच्याशी सरळ तोंडानं बोलू लागलो ते फार उशिरा. माझ्या बायकोला, वैशालीला, त्यांनी भर दारात झापलं होतं ना!

आमची सोनू तेव्हा तीन वर्षांची. फिकट, चिडकी, सारखं पोट दुखतं म्हणणारी. अंगणवाडीच्या आहाराच्या तक्त्यात होतं ते सगळं वैशाली तिला भरवायची. अंडं, पालेभाजी, गूळ, वर लोहाचं औषध. तरी रक्त वाढेना. "पोरीले खरंच भाजी देतेस, का नुसती सांगतेस?" बाईंनी विचारलं, आणि वैशाली त्या दिवशी जेवली नाही. माझं तर डोकंच फिरलं.

दोन दिवसांनी बाई खात्री करायला थेट स्वयंपाकघरात आल्या. माझे वडील चुलीशी बसून, फेकजाळं पाण्यात बुडावं म्हणून त्याला लावायच्या मण्यांसाठी पळीत शिसं वितळवत होते. पिढ्यान् पिढ्या आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरी हे असंच चालत आलेलं. सोनू त्यांना खेटून बसली होती, तोंडात एक मणी.

"भाऊ, हे पळी कोणती?" बाईंनी वडिलांना विचारलं.

"घरचीच. धुऊन घेतो ना!"

त्याच पळीत वरणाला फोडणी पडायची. बाईंनी सोनूच्या तोंडातला मणी काढला. "वैशाली, माह्यं चुकलं वं. मी तुलेच दोष देऊन राह्यली होती." हाती रजिस्टर असलेलं माणूस माफी मागतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सोनूला चंद्रपूरला त्यांनीच नेलं. रक्तात शिसं निघालं. ते रक्त वाढू देत नाही, पोरांच्या डोक्यालाही अपाय करतं, असं डॉक्टर म्हणाले. वडील ऐकेनात. "माह्या बापानंबी हेच केलं. तो काय मेला?" बाई रोज यायच्या, रोज तेच सांगायच्या. "करा भाऊ, पण घरापासून दूर, भांडं वेगळं, अन् पोरं जवळ नकोत." शेवटी वडीलच थकून कबूल झाले. तालुक्याला सेविकांच्या बैठकीत बाई उभ्या राहिल्या, म्हणाल्या, काय खावं ते तक्त्यात आहे, काय पोटात जाऊ नये तेही लिहा. वरचे साहेब हसले. बाई गावात येऊन घरोघरी पळ्या तपासत फिरल्या. हट्टी बाई होती... फार आठवण येते.

सोनू आता सहावीत आहे. अंगात रक्त आहे, पण पाढे अजून अडखळतात. मास्तराच्या पोरीचे! बाई आधी आल्या असत्या तर, असं मनात येतं. मग वाटतं, आल्याच नसत्या तर?

गेल्या आठवड्यात नवी अंगणवाडी सेविका शेजाऱ्यांकडे आली. त्यांचं बाळ फिकट आहे. ती दारातूनच तक्ता उघडून बाळाच्या आईला विचारू लागली, अंडं देता का, भाजी देता का. आई बिचारी मान खाली घालून उभी. वैशाली आमच्या ओट्यावरून उठली, तरातरा गेली आणि सेविकेचा हात धरला.

"आत चाल बाई. पहिले चूल पाहू. मायले मंग विचार."