माळाचे एकतीस फोटो

एकोणीसशे तीस उजाडायला अजून वर्ष-दोन वर्षं होती. मी सोलापूरच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो आणि स्वतःला मोठा कलावंत समजत होतो. कुणाचा तरी वापरलेला, काचेच्या प्लेटांचा कॅमेरा हाती आला आणि माझ्या डोक्यात भूत शिरलं. अक्कलकोटच्या रस्त्याला, गावाबाहेर एक उघडाबोडका माळ होता. त्याचाच फोटो वर्षभर काढायचा, एकाच जागेवरून: सकाळी, भर दुपारी, तिन्हीसांजेला, ढगात, धुळीत. जमीन तीच, उजेड निराळा, एवढंच दाखवायचं. मुंबईच्या प्रदर्शनात मांडायचं मनात होतं. बायको म्हणायची, "त्या माळात असं काय ठेवलंय?" तिला काय कळतंय, असं मला वाटायचं.

दर रविवारी सायकलीला कॅमेऱ्याची तिपाई बांधून मी निघायचो. तिच्या पायांसाठी जमिनीत तीन खुंट्याच ठोकून ठेवल्या होत्या, जागा केसभरही हलायला नको म्हणून.

त्या माळावर एक धनगर मेंढरं चारायचा. पन्नाशीचा असेल. मी काळ्या कपड्याखाली डोकं घातलं की हा नेमका समोर येऊन उभा. कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं, डावं ते उजवीकडे. मी कपड्याखालून हात काढून 'हो तिकडे' असं खुणावायचो, तेही घाईत चुकीच्या बाजूला, आणि तो बिचारा आणखी मध्ये यायचा. मग मी कपडा फेकून ओरडायचो. तो मुकाट्यानं मी दाखवेन तिथं जायचा, काठी रोवायचा आणि श्वास धरून उभा राहायचा. मी भिंगावरचं झाकण काढायचो, आकडे मोजायचो, झाकण लावायचो. झालं की तो लांबूनच विचारायचा, "बरा आला न्हवं, मास्तर?"

"फार छान आला," मी म्हणायचो. मी माळाबद्दल बोलत होतो.

पुढं पुढं तो पांढरंधोप मुंडासं बांधून यायला लागला. माझं डोकंच फिरलं. पांढरं कापड प्लेटवर भक्क उमटतं, माळ बाजूला राहतो आणि नजर तिथंच जाते. मी त्याला आणखी लांब पिटाळायला लागलो. रविवारीच हे धुतलेलं मुंडासं का, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

भाद्रपदात तो दिसेनासा झाला. चार रविवार कुणी आड आलं नाही, कुणावर ओरडावं लागलं नाही. "सुटलो एकदाचा," असं मी घरी आल्यावर बायकोला म्हटल्याचं पक्कं आठवतं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी घरी परतलो तर दाराशी एक बाई बसलेली. डोईवर पदर, कपाळ मोकळं. फोटोवाल्या मास्तरांचं घर विचारत विचारत आली होती.

"आमच्या मालकांचा फोटू तुमी काडत हुता न्हवं? माळावर, मेंढरं राखायचं त्ये. तीन दिसांच्या तापात गेलं."

मी सायकल भिंतीला टेकवली.

"दर आईतवारी मुंडासं धुवाया लावायचं. म्हणायचं, मास्तर माजा फोटू काडत्यात, लई खटपट करत्यात. हितं हुबा ऱ्हा, तितं हुबा ऱ्हा. रागवत्यात बी, पर छान आला म्हणत्यात."

तिला देवघरात त्याचा टाक बसवायचा होता. गेलेल्या माणसाची चांदीच्या पत्र्यावर उठवलेली ती छोटी आकृती. "सोनार समद्यास्नी येकच तोंड काडतोय," ती म्हणाली. "मिशा काडल्या की बाप्या झाला. आमच्या मालकांचं तोंड निराळं हुतं. येक फोटू द्या, त्येला दावते."

तो एकाही फोटोत नव्हता. मीच तशी काळजी घेतली होती. पण हे तिच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. मी सगळा गठ्ठा आणून तिच्यापुढं ठेवला, पाहील आणि तिचं तिला कळेल म्हणून. शुद्ध भेकडपणा होता तो.

तिनं वरचा फोटो डोळ्यांजवळ धरला, उजेडाकडं वळवला. फोटोवरून बोट फिरवत गेली. मग तिचं बोट एका जागी थांबलं.

"ह्ये काय, हितं हुबं हायती की! डावा पाय अधू न्हवं का, म्हणून आसं कलून हुबं ऱ्हायाचं."

माझ्या माळावर ओढ्याकडं हद्दीचा एक कललेला दगड होता. फोटोत तो हरभऱ्याएवढा दिसायचा. आणि तो माणूस लंगडत होता, हे मला वर्षभर दिसलं नव्हतं. ते तिच्याकडून कळलं.

"ह्येच न्हवं का, मास्तर?"

"हो," मी म्हणालो.

"आन ह्यात बी हायती. ह्यात बी." दगडच तो, एकतीसच्या एकतीस फोटोंत होता. ती एकेक फोटो हातात घेऊन बोलायला लागली. सकाळचा पाहून म्हणाली, "हितं न्याहारी व्हायाची हाय." दुपारचा पाहून, "ऊन लई लागलंय." सांजेचा फोटो तिनं मांडीवर ठेवला. "हितं दमल्यात." माझ्या फोटोंतला उजेड इतका नीट त्याआधी कुणी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सांजेचा तेवढा तिनं मागून घेतला. "तोंड काय नीट दिसंना. पर सोनाराला सांगते, हुबं ऱ्हायाची ठेवण आशी हुती." फोटो पदरात गुंडाळला, उठली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

"तुमच्यामुळं मानूस घरात ऱ्हायलं," ती म्हणाली.

मी पाय मागं घेतले नाहीत. घेतले असते तर का, ते सांगावं लागलं असतं.